यादीत नसलेले नंबर

"आता अंगठा टेक," चंद्रशेखर म्हणाला. दीक्षाने निमूटपणे अंगठा टेकला. फोन उघडला तसा त्याने तो पुन्हा स्वतःकडे ओढून घेतला.

रविवारची दुपार होती. नेरूळच्या त्या वन-रूम-किचनमध्ये तो चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून तासभर बसला होता. मांडीवर स्वतःचा फोन, समोर पोरीचा, आणि मध्ये पोरांच्या फोनवर लक्ष ठेवणारं अ‍ॅप टाकायच्या पायऱ्या, गेटवरच्या हरेशने कागदावर लिहून दिलेल्या. बायकोने, शर्मिलाने, भाजी निवडता निवडता दोनदा जेवायला हाक मारली होती. पण चंद्रशेखर गमरे हाती घेतलेलं काम सोडून उठणारा माणूस नव्हता. त्याची ही ख्याती घरापेक्षा यार्डात जास्त होती.

न्हावा शेव्याच्या अलीकडे एका कंटेनर यार्डाच्या गेटवर तो एकोणीस वर्षं क्लार्क होता. ऑफिसातून सकाळी यादी यायची. गाडीचा नंबर, कंटेनरचा नंबर, सीलचा नंबर. तिन्ही जुळले तर गेट उघडायचं, एक आकडा जरी इकडचा तिकडे असला तर गाडी बाजूला. मग ड्रायव्हर दोन दिवसांचा उपाशी असो, वरून कोणा साहेबाचा फोन येवो, चंद्रशेखरचं उत्तर एकच, यादीत नाही. ड्रायव्हर त्याला मागे काय काय म्हणत ते त्याला ठाऊक होतं. पण एकोणीस वर्षांत त्याच्या गेटमधून एकही चुकीचा कंटेनर आत गेला नव्हता, आणि साध्या माणसाला अभिमान बाळगायला तेवढं पुरतं.

दीक्षा आठवीत होती. शाळेत पालकांची सभा झाली, त्यात एका बाईंनी मुलांच्या फोनवर कोण कुठून शिरतं ते पडद्यावर दाखवलं. त्या दिवसापासून चंद्रशेखर पोरीच्या फोनकडे संशयाने बघत होता. त्यात गेटवरचा जोडीदार हरेश कोळी, उरणकडचा, त्याने स्वतःच्या भाचीची गोष्ट सांगितली. रुतिकाला महिनाभर कोणीतरी रोज नव्या नंबरावरून फोन करत होतं, पोरगी घाबरून जेवेनाशी झाली होती. "आता आपुन ठरवू तोच नंबर लागतो तिला, बाकी सगले बाहेर," हरेश म्हणाला. "निवांत झोप लागते बग." चंद्रशेखरला ही पद्धत एकदम पटली. ती त्याच्या ओळखीचीच होती.

तर आता शेवटची पायरी आली होती. ज्यांचे फोन यायला हवेत त्यांची नावं आणि नंबर. चंद्रशेखरने पप्पा, मम्मी, अभयमामा, क्लासच्या मॅडम आणि दीक्षाच्या दोन मैत्रिणी असे सहा नंबर घातले.

"आणि आजी?" दीक्षाने विचारलं.

"आजीचा नंबर काय?"

आजीला नंबरच नव्हता. मंडणगडकडच्या वाडीत बायजाबाई एकटी राहायची. घेऊन दिलेला फोन तिने वर्षभरात विहिरीवर घालवला होता आणि नवा नको म्हणून सांगितलं होतं. तिला डोळ्यांनी बटणं दिसत नसत. पण गेल्या मे महिन्यात दीक्षाने आपला नंबर तिच्याकडून पाठ करून घेतला होता. दोन-दोन आकडे, भांडी घासताना, चूल फुंकताना, आठ दिवस. अक्षरशत्रू बाई, पण दहाच्या दहा आकडे धडाधड म्हणायची. मग दुपारी ज्याचा फोन दिसेल त्याला थांबवायची, शिवाच्या दुकानात, रेशनच्या रांगेत, आणि म्हणायची, माझ्या पोरीला लाव. शाळेतून आल्यावर दीक्षा आणि आजी दहा मिनिटं काय बोलत ते त्यांचं त्यांना ठाऊक. बायजाबाईला जगातला तो एकच नंबर येत होता.

मुलाचा नंबर तिने कधी पाठ केलाच नाही. फार वर्षांपूर्वी तिने एकदा ड्युटीच्या वेळी फोन लावला होता आणि चंद्रशेखरने तो साहेबासमोर घेतला होता. ड्युटीवर फोन करायचा नाही, एवढंच तो म्हणाला होता, पण म्हणाला होता जरा जोरात. त्यानंतर तिने केला नाही.

"ती कोणाच्याही फोनवरून करते, पप्पा. एक नंबर नाय तिचा."

"मग काय टाकू मी? नंबर पायजे ना. मी रविवारी तिला लावीन शिवाच्या फोनवर, तेव्हा बोल." त्याने शेवटचं बटण दाबलं, फोन पोरीच्या हातात दिला आणि जेवायला बसला. त्याला खरोखर निवांत वाटत होतं.

बुधवारी गेटवर चहा पिता पिता त्याने रिपोर्ट उघडला. हे अ‍ॅप रोज रिपोर्ट पाठवायचं, अभ्यासाच्या व्हिडिओला किती वेळ, गेमला किती, आणि खाली लाल अक्षरांत अडवलेले फोन. सोमवारी एक. मंगळवारी तीन. बुधवारी चहापर्यंतच चार. नावं नाहीत, नुसते आकडे, आणि जवळजवळ प्रत्येक नंबर वेगळा. चंद्रशेखरच्या हातातला कप तसाच राहिला. रुतिकालाही असेच येत होते. त्याने हरेशला दाखवलं, हरेशने मान हलवली, म्हणाला की बरं झालं वेळेवर टाकलंस.

घरी आल्यावर त्याने पोरीला समोर बसवलं. कोण आहेत हे, नंबर कोणाला दिलास, खरं सांग, असं तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला. दीक्षा म्हणाली की आजी असेल.

"आजी? आजी दोन दिवसाआड एकदा फोन करते. दिवसाला चार-चार वेळा, वेगवेगळ्या फोनवरून? मला शिकवू नको. एकोणीस वर्षं हेच बघतोय मी."

ती रडली. रडते म्हणजे काहीतरी आहे, असा त्याने निष्कर्ष काढला. शर्मिला तळोज्याहून पॅकिंगची पाळी करून थकून आली होती. तिने आपला फोन पुढे केला, शिवाला लाव आणि विचार म्हणाली. पण दीक्षा हट्टात बापावर गेलेली. तिने डोळे पुसले आणि सांगितलं, नको, पप्पा करणार आहेत ना रविवारी. तेवढ्यावर विषय संपला.

रविवारी सकाळी चंद्रशेखर फोन घेऊन बसलाही होता. तेवढ्यात यार्डातून बोलावणं आलं. दोन जहाजं एकदम लागली होती, दुसऱ्या पाळीचा माणूस आला नव्हता. घरी परतेपर्यंत नऊ वाजून गेले. वाडीत त्या वेळी निजानीज झालेली असते. पुढच्या रविवारी बघू, असं म्हणून तो जेवला. माणूस वाईट नव्हता. आई मेली तर आपण कसे रडू हे त्याला माहीत होतं, ती जिवंत असताना फोन कधी करायचा एवढंच त्याला नेमकं जमत नव्हतं.

मंगळवारी अकराच्या सुमाराला गेटवर त्याच्या खिशात फोन थरथरला. समोर गाडी होती, त्याने पाहिलंच नाही. दुसऱ्यांदा थरथरला, तिसऱ्यांदा. मग हरेशनेच त्याला ढकललं, घे रं, कोनतरी मागंच लागलाय.

"चंदरदादा, शिवा बोलतोय," पलीकडून आवाज आला. "आय गेली. सकाळी पडवीतच. पयला दीक्षाला लावला, म्हातारीनं तोच नंबर सगल्यांना पाठ करवून ठेवलान. पन तो लागतच नाय. शेवटी मास्तरांकडून तुझा घेतला."

चंद्रशेखर खुर्चीवर बसला. मग त्याने रिपोर्ट उघडला. अडवलेले फोन, आज, एक. नंबर शिवाचा. तो मागे मागे जात राहिला. सोमवार, रविवार, शनिवार. शिवाचा नंबर त्यात आणखी दोनदा होता. गेटवर आलेल्या गाडीचा नंबर तो तीन-तीनदा ताडून पाहायचा, आणि हे नंबर त्याने एकदाही लावून पाहिले नव्हते.

पनवेलहून एसटी पकडून तिघं संध्याकाळी वाडीत पोचली. लोक थांबलेच होते. अंधार पडायच्या आत सगळं उरकलं. तोवर दीक्षा आजीच्या पायांशी बसून होती. पाय सुजून गच्च झाले होते. बायकांनी आपसात सांगितलं की हे आठ-दहा दिवसांपासून होतं, दमही लागत होता. आणि त्याच बायका दीक्षाकडे बघून आणखीही काही बोलल्या, हळू आवाजात, पण पोरीला ऐकू जाईल एवढ्या. शहरातली पोर. म्हातारी दारोदार फिरली, हिनं एकदा उचलला नाय.

जलदान विधी पाचव्या दिवशी ठरला. त्याच्या आदल्या दिवशी दुपारी चंद्रशेखर फोन हातात घेऊन वाडीत फिरला. लाल अक्षरांतला एकेक नंबर तो लावायचा, कुठे वाजतो ते विचारायचा आणि त्या दारात जाऊन उभा राहायचा. कोणी त्याला का म्हणून विचारलं नाही. आई गेलेल्या माणसाला लोक विचारत नाहीत.

रेशनवाल्याने सांगितलं, आयनं दोनदा लावायला लावलान, पोर शाळेत असंल बोल्ली. अंगणवाडीच्या ताईने सांगितलं की तिने म्हातारीला तालुक्याला दवाखान्यात नेते म्हटलं होतं, तर ती म्हणाली, नातीला सांगते, ती बापाला नीट वेळ बघून सांगेल, मग तो येईल न्यायला. शिवा तर तिला म्हणाला होता की मास्तरांकडून दादाचा नंबर घेतो, थेट त्यालाच लावू. तिने त्याचा हात धरला होता. नको, त्याचा साहेब बोलतो त्याला.

शेवटचा नंबर वाडीच्या टोकाला राहणाऱ्या कमळीचा निघाला. तिच्याकडे फोन होता हेही चंद्रशेखरला ठाऊक नव्हतं. सोमवारी दुपारी बायजाबाई चढ चढून तिच्याकडे आली होती, तीन ठिकाणी बसत बसत. फोन लागला नाही तेव्हा तिने पाणी मागितलं.

"काय बोलली?" चंद्रशेखरने विचारलं.

कमळीने जरा आठवून पाहिलं. "काय नाय. बोल्ली, पोर मोठी झाली, आता तिला कामं असतील. बरं हाय. मंग गेली."

तो परतला तेव्हा दीक्षा पडवीत बसली होती. चूक आपली होती हे त्याला तिला सांगायचं होतं, शब्दही जुळवून ठेवले होते. तिनेच वर पाहिलं. रडून रडून तिचे डोळे बारीक झाले होते.

"आजीला वाटलं असेल, मी उचलत नाय," ती म्हणाली. "आणि मम्मी फोन देत होती, तर मी लावला नाय."

चंद्रशेखर आत जाऊन भिंतीला टेकून बसला. पोर आपल्या वाटणीचा दोष स्वतःच्या डोक्यावर घेऊन बसली होती, आणि बापाच्या वाटणीचाही वाडीने तिच्याच डोक्यावर ठेवला होता. तो तिथून उतरवायचा तर बंद दाराआड पोरीची समजूत घालून भागणार नव्हतं, एवढं त्याला कळलं.

दुसऱ्या दिवशी अंगणात मांडव घातला होता. मेणबत्त्या लावल्या, त्रिशरण पंचशील झालं. मग रिवाजाप्रमाणे एकेकाने उठून बायजाबाईविषयी दोन शब्द सांगितले. मास्तर बोलले, शिवा बोलला. बौद्धाचार्यांनी चंद्रशेखरकडे पाहिलं. घरचा माणूस सहसा बोलत नाही, हात जोडतो आणि लोक समजून घेतात. चंद्रशेखर उठला.

"आमच्या दीक्षानं फोन उचलला नाही असं वाडीत बोलतात," तो म्हणाला. आवाज गेटवर यायचा तसाच होता, कोरडा. "तिला फोन गेलाच नाही. मी बंद केला होता. कोणाचा घ्यायचा, कोणाचा नाही, याची यादी मी केली. आईला नंबर नव्हता, म्हणून आई यादीत नव्हती. आईनं सात जणांच्या फोनवरून चौदा वेळा लावला. ते मला रोज दिसत होतं. पोरीनं मला सांगितलं होतं, आजी असेल. मी तिलाच ओरडलो. तिचा यात काही दोष नाही."

बायकांच्या रांगेत कोणीतरी पदर तोंडाला लावला. शर्मिला खाली बघत होती. चंद्रशेखर उभाच राहिला, आणखी काही सांगायचं आहे का ते त्यालाच कळत नव्हतं. मग तो बसला.

बौद्धाचार्यांनी घरच्यांना पुढे बोलावलं. ताटलीत एक वाटी ठेवली होती, तिच्यात तांब्यातलं पाणी संथ धारेने ओतायचं होतं. चंद्रशेखरने तांब्या उचलला. घरच्यांनी हात लावा, असं ते म्हणाले. शर्मिलाने त्याच्या कोपराला हात लावला. दीक्षा बायकांच्या रांगेतून उठून आली, पण बापाच्या तोंडाकडे तिने पाहिलं नाही. ती खाली बसली आणि तिने तांब्याला खालून हात लावला, त्याच्या बोटांपासून थोडी जागा सोडून.

गाथा सुरू झाली. वाटी भरली, पाणी काठावरून ताटलीत उतरू लागलं. तांब्या जड होता आणि चंद्रशेखरच्या हातात तो कलला. खालच्या हाताने तो सांभाळला. धार संपेपर्यंत तिने हात काढला नाही.