पाळीवरची मैनाबाई

सातासमुद्रापार कुठं लढाई जुंपली होती म्हणे, आणि तिच्यापायी वऱ्हाडातल्या रुईला कधी नव्हे तो भाव आला होता. अकोल्यापासून तीन कोसांवरच्या त्या गावात कपाशीवाचून दुसरं बोलणंच नव्हतं. गावचं तळं मात्र गाळानं भरत चाललं होतं. मैनाबाई माळीण तळ्याखालच्या मळ्यात वांगी-मिरची करायची. तळ्यात पाणी असलं तरच तिच्या विहिरीला झरे असायचे, आणि आता चैत्रातच मोटेतून चिखल यायला लागला होता.

ती चौथ्यांदा खुशालराव पाटलांच्या ओट्यापुढं उभी राहिली.

"पाटीलबुवा, औंदा तरी गाळ काढा. तळ्याची पाळ हातभर उचला. एक पावसाळा हुकला त ढोराईलेबी पानी मिळनार नाई."

"मानसं कुठून आनू? सारे कापूस घेऊन अकोल्याले जाऊन राहिले. पुढच्या साली पाहू."

"गेल्या सालीबी हेच म्हनलं तुमी!"

"मंग याबी साली तेच म्हनतो," पाटील म्हणाले आणि पानाला चुना लावू लागले.

मैनाबाई तणतणत निघाली. वाटेत सूर्यभान भेटला. त्याचं शेत बरड, मुरमाड. "मैनामाय, माही कपाशी गुडघ्याच्या वर जातच नाई," तो रडकुंडीला येऊन म्हणाला.

"मंग तळ्यातला गाळ टाक ना! फुकट पडला हाय."

तिसऱ्या दिवशी तळ्यात वीस गाड्या. पाण्यासाठी कुणी कुदळ उचलली नव्हती. कपाशीसाठी सारं गाव उतरलं. तेही खणत होते कुठं, तर गाडी सोयीनं उभी राहते तिथं, थेट पाळीच्या बुडाशी! मैनाबाई धावत गेली आणि बैलांपुढं आडवी उभी राहिली.

"अरे, पाळ खाऊन राहिले तुमी! पानी कशानं अडन, तुमच्या पागोट्यानं?"

"तळ्याच्या मधात गाडी फसते, माय," सूर्यभान म्हणाला.

"फसते त फळ्या टाक! आन रिकामी गाडी काहून आनता? येतानी मुरूम आना, पाळीवर टाका. मंगच गाळ भेटन."

असं सांगायचा तिला अधिकार काय, हे कुणी विचारलं नाही. तिच्या तोंडाला कंटाळून सगळे मुरूम आणू लागले. अख्खा वैशाख ती पाळीवर बसून ओरडत राहिली. घसा बसला, मळ्यातली मिरचीची रोपं करपली. तळं मात्र पुरुषभर खोल झालं आणि पाळ हातभर उंच. मिरगानंतर ते काठोकाठ भरलं.

पुढच्या साली पोळ्यानंतर पाऊस गेला तो आलाच नाही. आजूबाजूची तळी फाल्गुनात आटली. इथं ज्येष्ठातही पाणी होतं. दोन गावांची जनावरं त्यावर जगत होती. दुष्काळाच्या पाहणीला आलेल्या गोऱ्या साहेबापुढं पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. "आमीच खोल करून घेतलं."

घाटावर घागर भरणाऱ्या मैनाबाईनं ते ऐकलं. तिनं घागर खाली आदळली.

"तुमी केलं ना? मंग उगवतीचा कोपरा अजून उथळ हाय. उद्या कुदळ घेऊन या!"

सगळे हसले. पाटीलही हसले.

दुसऱ्या दिवशी पाटील आले नाहीत. सूर्यभान आला, त्याची बायको आली, आणि चार गाड्या.

"चारच?" मैनाबाई कडाडली, आणि पहिली पाटी स्वतःच भरायला लागली.