तिसरं टिंब

मित्रांनो, माझ्याकडे बघून तुम्हाला हसू येईल. पाठ दोनदा चिकटवलेली, कोपरे मुडपलेले, आणि 'झेड'ची शेवटची पानं कुठे गेली ते मलाही ठाऊक नाही. मी एक जुना इंग्रजी–मराठी शब्दकोश आहे.

छापखान्यात माझी पानं छापली, दुमडली, शिवली. शिवणाऱ्या बाईंनी दोरा दाताने तोडला, तो आवाज मला अजून आठवतो. मग दुकानाच्या फळीवर उभं राहून राहून कंटाळलो, तेव्हा कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीने मला विकत घेतलं. तिची एक शिस्त होती. शब्द अडला आणि मला उघडलं, की त्या शब्दाशेजारी पेन्सिलीने एक टिंब द्यायचं. त्याच शब्दासाठी तिसऱ्यांदा यावं लागलं, तर तिसरं टिंब आणि वर शिक्षा: वहीत त्या शब्दाचं स्वतःचं वाक्य लिहायचं. काय रुबाब होता तेव्हा माझा! मैत्रिणी मला मागायला आल्या की ती म्हणायची, "इथे बसून बघ. घरी न्यायचा नाही."

पुढे तिचं लग्न झालं, हातात मोबाइल आला, आणि मी कपाटात चादरींखाली गेलो. रागावलो नाही, पण वाईट वाटायचं.

मला बाहेर काढलं ते तिच्या नऊ वर्षांच्या लेकीने. पेन्सिली कुरतडते म्हणून घरात सगळे तिला खारू म्हणतात. आईने तिलाही टिंबांची शिस्त शिकवली.

तेव्हा घरात बाळ येणार होतं. त्याच्यासाठी लोकरीचे मोजे खारूनेच निवडले होते. एका सकाळी आई दवाखान्यात गेली आणि तिसऱ्या दिवशी रिकाम्या हातांनी परत आली. बाळ जन्मलं होतं, पण त्याने श्वासच घेतला नव्हता.

आईला मदत करायला मावशी येऊन राहिली. तिने सगळ्यांना बजावलं, "हिच्यासमोर विषय काढायचा नाही. खारू, तूसुद्धा. आईला त्रास होतो ना?"

खारूने मान हलवली आणि ती माझ्याकडे आली.

घरात 'बाळ' म्हणायची सोय उरली नव्हती. म्हणून मनात जे होतं त्यासाठी ती इंग्रजीत शब्द शोधू लागली. आधी सॅड. मग अपसेट, हर्ट, लोनली, सॉरो. दुकानात फ्रॉक अंगाला लावून बघावा, तसा ती एकेक शब्द लावून बघायची. सॅड आखूड पडला. वर्गात कुणाचं पेन हरवलं तरी मुलं तोच वापरायची. अपसेट मैत्रिणीशी भांडल्यावरचा. आणि मला सांगायला लाज वाटते मित्रांनो, पण यातल्या निम्म्या शब्दांपुढे माझ्यात तेच तीन अर्थ छापले आहेत: दुःख, खेद, शोक. एवढीशी मुलगी पुन्हा पुन्हा येत होती आणि मी तिच्या हातावर पुन्हा पुन्हा तेच ठेवत होतो.

शेवटी ती ग्रीफपाशी थांबली. 'कोणाच्या मृत्यूमुळे होणारे तीव्र दुःख.' पहिल्या दिवशी एक टिंब. दुसऱ्या दिवशी दुसरं.

मावशी फोनवर मैत्रिणीला कौतुकाने सांगत होती, "अगं, आमची खारू आता पेन्सिली सोडून शब्दकोश कुरतडतेय! नाहीतर तुमचा दिवटा, पुस्तक दिसलं की झोपतो." त्या कौतुकात मीही होतो. पण मला ते घ्यावंसं वाटेना.

तिसऱ्या दिवशी तिसरं टिंब पडलं. खारूने वहीत वाक्य लिहिलं: 'माय ग्रीफ इज व्हेरी स्मॉल.'

मावशी शिकवण्या घेते. तिचं लाल पेन लगेच बाहेर आलं.

"हे चुकलं बघ. ग्रीफ कधी स्मॉल असतं का? ग्रीफ म्हणजे केवढं मोठं दुःख! खोड आणि दुसरं लिही."

खारूने खोडलं नाही. तिने दोन्ही तळवे समोर धरले, मध्ये वीतभर जागा ठेवून. म्हणाली, "पण एवढंसंच होतं ना गं, मावशी."

मावशीचं पेन तिथेच थांबलं. दारात आई उभी होती.

"तू आत जाऊन पड बघू," मावशी घाईने उठली.

"थांब ताई."

आई खाली बसली. तिने खारूचे हात धरले आणि ते तळवे आणखी थोडे लांब केले. मग आणखी थोडे.

"एवढं होतं," ती म्हणाली.

"केस होते?"

"होते. खूप. काळेभोर."

"ते... भाऊ होतं की बहीण?" हेसुद्धा तिला कोणी सांगितलं नव्हतं.

"भाऊ होता गं तुझा."

मग दोघी रडल्या. खारू इतक्या दिवसांत पहिल्यांदाच रडली, आणि तेही आवाज काढून. मावशीने लाल पेनाला टोपण लावलं आणि पदर डोळ्यांना लावला. दुःख काही कमी झालं नाही. आई अजूनही काम करता करता मध्येच थांबते. पण आता खारू तिला विचारते, आणि आई सांगते.

मित्रांनो, आम्हा पुस्तकांची पानं दुमडू नका, आम्हाला चादरींखाली टाकू नका, हे मी सांगायला हवं. पण माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या घरात कोणी एकच शब्द सारखा शोधत असेल, तर त्याच्या चुका काढायची घाई करू नका. अर्थ माझ्याकडे आहेत, हवे तेवढे घ्या. पण शेजारी बसून हात धरणं मला जमत नाही. ते तुम्हालाच करावं लागेल.