ताण घालवायचा तास

"डोळे मिटा," पाहुण्या बाई म्हणाल्या, "आणि कल्पना करा, तुम्ही एका धबधब्याखाली बसला आहात."

नर्सिंगचं तिसरं वर्ष मुकाट्याने धबधब्याखाली बसलं. निम्म्या पोरी रात्रपाळी संपवून, नुसतं तोंड धुऊन आल्या होत्या. ताण कसा घालवावा यावर व्याख्यान, तेही सुट्टीच्या दुपारी, आणि हजेरी सक्तीची! पाय दुखतोय म्हणणाऱ्याला त्याच पायावर उभं करायचा प्रकार. थोड्याच वेळात मागच्या बाकांवरून घोरणं ऐकू आलं.

"बघा, किती पटकन मोकळ्या झाल्या!" बाई हरखून गेल्या.

एरवी भोंग्याने एवढ्यावर आठवडाभर वर्ग हसवला असता. भोंगा म्हणजे या वर्गाचा आवाज. सरावाच्या पुतळ्याला मेट्रनबाईंची टोपी आणि चष्मा चढवणारी हीच. दोन पोरी त्या पुतळ्याला "गुड मॉर्निंग, मॅडम" म्हणून पुढे गेल्या होत्या. पण आज भोंग्याचं लक्ष घड्याळाकडे होतं. चार वाजता मुंगीचे वडील येणार होते. मुंगीला घेऊन जायला, कायमचं.

मुंगी तिची खोलीतली जोडीदारीण. गप्प, कामसू, एका रेषेत चालणारी. महिन्यापूर्वी नवजात बाळांच्या वॉर्डात जंतुसंसर्गाने एक बाळ गेलं. जंतू आले कुठून ते कुणालाच कळलं नाही. सिस्टरनी पद्धतीप्रमाणे प्रत्येकीला विचारलं, "हात नीट धुतले होतेस ना?" सगळ्या हो म्हणाल्या आणि जेवायला गेल्या. मुंगीही हो म्हणाली आणि हात धुवायला गेली. ती अजून धुतच होती.

"साबणवाले तुला सून करून घेतील बघ," भोंगा आधी म्हणायची. मग तिने साबण लपवला. तर मुंगीने फरशी पुसायच्या पावडरीने हात धुतले. त्या दिवसापासून चेष्टा बंद.

बाईंनी पुन्हा डोळे मिटायला सांगितले आणि भोंगा बाकाखालून सटकली. काय बोलायचं ते तिने घोकून ठेवलं होतं.

खोलीत मुंगीचे वडील उभे होते. ट्रक चालवणारा आडवातिडवा माणूस, पण पोरींच्या होस्टेलात कशालाही धक्का लागू नये म्हणून अंग चोरून उभा.

"तूच का ती भोंगा? फोनवर हिच्या मागे कोकलत असतेस ती?"

"मीच. काका, नेऊ नका तिला. थोडक्यासाठी वर्ष जाईल. मी बघते ना तिच्याकडे."

"अगं, तीच म्हणते, बाबा, न्या मला."

"ती काय, काहीही म्हणते."

काकांनी मान खाजवली. "हे बघ पोरी, इंजिनात काही बिघडलं तर आवाजावरून सांगतो मी. हिचा तर आवाजच येत नाही. तू जवळ असतेस. तू म्हणालीस राहू दे, तर राहू दे. मी असाच परत जातो."

भोंग्याला हवं ते आयतं हातात आलं. ती तोंड उघडणार, तेवढ्यात बाहेर चालू असलेला नळ बंद झाला आणि मुंगी आत आली. हात अंगापासून लांब धरलेले, कोपरावरून पाणी गळतंय. बोटांची पेरं चिरली होती, लालबुंद. काकांनी हात धरायला हात पुढे केला, तशी ती मागे सरली.

"नको बाबा. लागेल काहीतरी."

"कुणाला? तुला?"

"तुम्हाला."

भोंग्याला कुठलं मलम लावायचं ते येत होतं, पट्टी कशी बांधायची तेही. परीक्षेत त्याला पैकीच्या पैकी मार्क होते. तिने एखादा विनोद शोधून पाहिला. सापडला नाही.

"न्या, काका," ती म्हणाली. "पण नुसती घरी बसवू नका. मनाच्या डॉक्टरला दाखवा. कुणी काही बोललं तरी दाखवा."

"बरं," काका म्हणाले.

मुंगीने तिच्याकडे बघितलं. अगदी सुटल्यासारखं. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

सामान भरून झालं, पण पत्र्याच्या पेटीचं झाकण काही लागेना. काकांनी गुडघा टेकवला, दोन्ही हातांनी रेटलं.

"तू बस गं जरा यावर. तू भारदस्त दिसतेस."

"काका, लग्नाच्या पोरीला असं म्हणतात होय?"

मुंगी हसली. महिन्याभरात पहिल्यांदा. भोंगा धपकन पेटीवर बसली, पत्रा कुरकुरला, काकांनी कडी ओढली.

"लागली. ऊठ आता."

भोंगा बसूनच राहिली.

"ऊठ गं. गेटसमोर गाडी आडवी लावलीय, वॉचमन बोंबलतोय."

"थांबा काका," ती खाली बघत म्हणाली. "नीट नाही लागली अजून."

कडी चांगली घट्ट लागली होती. काकांनी तिच्याकडे बघितलं, मग ते पुन्हा खाली वाकले आणि लागलेली कडी परत एकदा दाबू लागले.