अंगठा

एक तारखेला मी स्वतंत्र व्यावसायिक झाले आणि दोन तारखेला प्रयोगशाळेत अडकले.

आमचं दार अंगठ्यावर उघडतं, आत येतानाही आणि बाहेर जातानाही. सकाळी रखवालदाराने दार उघडून धरलं होतं, म्हणून काही कळलं नाही. दुपारी जेवायला निघाले तर यंत्रावर लाल दिवा लागला. हात धुऊन आले, पुन्हा अंगठा टेकवला. पुन्हा लाल.

"ताई, तुमचा अंगठा यादीतून काढला," काचेपलीकडून रखवालदार म्हणाला. "तुम्ही आता नोकरीत नाही ना."

"मग बाहेर कशी येऊ?"

"मी आहे की! पाचपर्यंत. पुढे साहेबांना सांगायचं." त्याने दार उघडलं आणि हसला. "अकरा वर्षं काम केलंत, शेवटी कंपनीनेच अंगठा दाखवला."

कंपनीने नोकरीऐवजी कंत्राट दिलं होतं, पण काम तेच होतं, स्टूलही तेच. थर्मामीटर कोमट पाण्याच्या टाकीत प्रमाण थर्मामीटरशेजारी बुडवायचा आणि दोन्हींतला फरक लिहायचा. डोळ्यांना दिसेल तेवढंच लिहायचं, हा त्यातला एकमेव नियम. हल्ली डाव्या डोळ्याला पाऱ्याची रेघ दुहेरी दिसते. मोतीबिंदू. अठरा तारखेला ऑपरेशन, पुढे तीन आठवडे विश्रांती.

टेबलावर साहेबांनी करखात्याचा फॉर्म ठेवला होता. उत्तरं पेन्सिलीने आधीच भरलेली. "पेनाने गिरवा फक्त," ते म्हणाले होते. "संध्याकाळी द्या. नाहीतर उद्यापासून काम देता येणार नाही."

मी नणंदेला फोन लावला. ती करसल्लागार आहे.

"वहिनी, अभिनंदन! मालकीण झालात."

"कर्मचारी एकच आहे, वन्सं, आणि तिला डोळ्यासाठी रजा हवीय."

"मग द्या की, मालकीणबाई." तिचं हसणं थांबलं. "फॉर्म वाचा बघू."

मी वाचू लागले, "कामाची वेळ कोण ठरवतं? साधनं कुणाची? तुमच्याऐवजी दुसऱ्या कुणाला पाठवता येतं का?"

"खरी उत्तरं काय?"

"कंपनी. कंपनीची. नाही."

"मग तुम्ही नोकरदारच. पगारी रजा तुमच्या हक्काची."

"असं लिहिलं तर उद्यापासून घरी."

"आणि गिरवलंत तर?"

"तर रजाच नाही. तीन आठवड्यांनी परत येईन, तेव्हा माझ्या स्टुलावर दुसरी कुणी बसलेली असेल."

ती हळूच म्हणाली, "डोळा मात्र पुढे ढकलू नका हं."

दुपारभर एकोणीस थर्मामीटर झाले. साडेपाचला फॉर्म पुढे ओढला. पहिलीत असल्यासारखं स्वतःचं नाव गिरवलं, पत्ता गिरवला. तिसऱ्या ओळीत पेन्सिलीने लिहिलं होतं: कामाची वेळ मी स्वतः ठरवते. पेन टेकवलं. उजव्या डोळ्याने बघितलं, मग डाव्याने. डाव्याला ते वाक्य दोनदा दिसलं. मी खोडरबर घेतलं आणि पुसून लिहिलं: कंपनी, नऊ ते सहा. पुढची दोन उत्तरंही बदलली.

सहा वाजता पिशवी खांद्याला लावून दाराशी गेले. सवयीने अंगठा टेकवला. लाल. काचेपलीकडची खुर्ची रिकामी होती. साहेबांना हाक मारावी लागली.

ते किल्ल्या खुळखुळवत आले. "झालं गिरवून?"

मी कागद दिला. एक हात यंत्राजवळ धरून ते वाचू लागले. तिसऱ्या ओळीपाशी तो हात खाली आला.

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"मी फक्त नोंद केलीय, साहेब."

त्यांनी कागदाची नीट घडी घातली आणि खिशात टाकली. "दुसरा फॉर्म काढतो. या वेळी माझ्यासमोर गिरवा."

"साहेब, सहा वाजून गेले."

"तुम्हाला आता वेळेचं बंधन कुठे आहे?" ते म्हणाले आणि केबिनकडे वळले.

मी पिशवी खाली न ठेवता दाराशीच उभी राहिले.