एकाच वाचकाचं नियतकालिक

बेक मिग्योंगने संगणकाच्या पडद्यावर ‘सागरी शैवाल’ या नावापुढे लाल खूण केली आणि लगेच काढून टाकली. विद्यापीठाच्या ग्रंथालयात इलेक्ट्रॉनिक नियतकालिकांचं काम ती एकटीच बघायची. वर्गण्या दर वर्षी चढत होत्या, अनुदान होतं तेवढंच होतं. सोमवारच्या बैठकीत कुठली नियतकालिकं बंद करायची, ते तिलाच सांगायचं होतं.

“एक माणूस वाचतो ते,” मागून ग्रंथपाल युन म्हणाले. “त्यात एवढा विचार कसला?”

“छापील असतं तर जुने अंक तरी कपाटात राहिले असते, साहेब. याची वर्गणी थांबली की मागचंही सगळं मिटलं.”

“मग विज्ञानवाल्यांना सांगा खर्च उचलायला. बघा उचलतात का!”

दुपारी ती त्या एका माणसाकडे गेली. प्यो दोंगहून कंत्राटी अध्यापक होते. बंदराकडच्या इमारतीत, जिन्याखालच्या खोलीत बसायचे. शैवालावर काम करणारं दुसरं कोणी विद्यापीठात नव्हतं. दार वाजलं तेव्हा ते एकटेच किंबाप, म्हणजे शैवालाच्या पापुद्र्यात गुंडाळलेला भात, खात होते. घाईने घास गिळून त्यांनी समोरच्या खुर्चीवरच्या बरण्या उचलायला सुरुवात केली.

“इथे कोणी बसत नाही हो, म्हणून पसारा झालाय.”

“सर, विज्ञानाच्या खात्यात हे नियतकालिक टिकणार नाही,” मिग्योंग म्हणाली. “पण प्रादेशिक साहित्य या खात्याला वेगळा निधी आहे. तिथे बसवून बघते. आपल्या किनाऱ्यावर कुठलं कुठलं शैवाल येतं? त्यावर छापतात का काही?”

प्योंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण मग कोरा कागद पुढे ओढला आणि किनारा काढायला घेतला. कुठल्या खाडीत काय उगवतं, पाणी तापल्यापासून काय दिसेनासं झालं, कुठल्या बेटावरच्या बायका ते कसं ओळखतात. ते सांगत होते, ती टिपून घेत होती. जवाचा चहा कपातच गार झाला. घरी परतताना बसमध्ये तिच्या लक्षात आलं, आज आपण दुपारपासून फोन बघितलाच नाही.

सोमवारच्या बैठकीत हशा पिकला.

“बेक मॅडम, शेवाळाचा एवढा लळा कधीपासून?” एका प्राध्यापकांनी विचारलं.

“आपल्याकडची कितीतरी घरं त्यावर चालतात, सर. तुमच्या आजच्या डब्यातही असेल.”

हसू विरलं. नियतकालिक प्रादेशिक साहित्यात गेलं, तेही तीन वर्षांसाठी.

ती जवळजवळ पळतच बंदराकडे गेली. खोलीत सगळीकडे खोकी होती आणि प्यो एका खोक्याला चिकटपट्टी लावत होते.

“मंजूर झालं, सर! पण हे काय, खोली बदलली?”

“खोली नाही. कंत्राट वाढवलं नाही त्यांनी. फेब्रुवारीअखेर संपतंय.”

“कधी कळलं?”

“तुम्ही आलात ना, त्याच्या आदल्या आठवड्यात.”

मिग्योंग खुर्चीत बसली. “मग तेव्हाच सांगायचं नाही का? मी तिथे भांडले ते कोणासाठी?”

“सांगणारच होतो.” प्यो चिकटपट्टीचं टोक नखाने खरवडत राहिले. “पण तुम्ही विचारलंत, इथे कुठलं शैवाल येतं म्हणून. इतकी वर्षं इथे आहे, ते कोणी विचारलं नव्हतं. मग बोलतच सुटलो. चुकलंच माझं.”

मिग्योंगने फोन काढला. वाचणाराच चाललाय, एवढंच युनसाहेबांना सांगितलं असतं, तरी निर्णय फिरला असता. बाहेर धक्क्यावर बोटीचा भोंगा वाजला. तिने फोन पर्समध्ये टाकला.

“तीन वर्षांची वर्गणी आहे,” ती म्हणाली. “कोणीतरी वाचायला हवं. मला कळेल असा एखादा लेख आहे का त्यात?”

प्योंनी चिकटपट्टी खाली ठेवली. मग सर्वांत खालचं खोकं ओढलं, उघडलं आणि आतला संगणक बाहेर काढून टेबलावर ठेवला.