सासूबाईंचा रिपोर्ट

सासूबाईंनी खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या, "आता आडपडदा नको. कॅन्सर आहे का?"

शेजारी बसलेल्या सुनेने पर्सची चेन उगीचच उघडली, पुन्हा लावली.

"नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पहिल्या तपासणीत एचपीव्ही हा शरीरसंबंधातून येणारा विषाणू सापडला, म्हणून आपण गर्भाशयाचं तोंड दुर्बिणीतून पाहिलं, छोटा तुकडा तपासायला पाठवला. पेशींत किंचित बदल आहे. तो बहुतेकदा आपोआप निवळतो. आज काही करायचं नाही. वर्षभराने पुन्हा तपासायचं."

"आणि नाही निवळला तर?"

"तर तेवढाच भाग काढता येतो, कॅन्सर होण्याच्या कितीतरी आधी. फक्त यायचं चुकवू नका."

"बरं. आमचे हे जाऊन एक तप उलटलं. मग हा पाहुणा आला कुठून?"

सुनेचे कान तापले. हाच प्रश्न तिने किती दिवस गिळून ठेवला होता.

"तो शरीरात वर्षानुवर्षं गप्प पडून राहू शकतो. कधी आला, कुणाकडून आला, सांगता येत नाही. पुष्कळांना होतो हा. त्यात कुणाच्या चारित्र्याचा संबंध नाही."

सासूबाई मोकळेपणी हसल्या. "बरं झालं विचारलं."

दुकानात थोरली लेक वाट पाहत होती. जुन्या सोफ्यांना नवं कापड चढवून देण्याचा हा धंदा सासूबाईंनी नवऱ्यामागे एकटीने उभा केला होता. सगळं ऐकून घेतल्यावर लेक अर्धवट उसवलेल्या सोफ्याकडे बघत म्हणाली, "आई, बाबा जाऊन इतकी वर्षं झाली. लोक काय म्हणतील? कुणापाशी बोलू नकोस."

आता ठिणगी पडणार, असं सुनेला वाटलं. सासूबाईंनी पक्कड उचलली आणि एक गंजका खिळा उपटून डब्यात टाकला.

"तुझ्या बाबांकडून आला असेल, नाहीतर माझ्याकडून त्यांना गेला असेल. गेलेल्या माणसाची उलटतपासणी घेऊन मला काय मिळणार? पुढच्या वर्षी परत जायचं, एवढं माझ्या हातात आहे. ते मी करणार."

आवाज चढला नाही, हातही थांबला नाही. सून दुसरी पक्कड घेऊन सोफ्याच्या पलीकडच्या बाजूला बसली.

लेक उठली, चपला घालून दारापर्यंत गेली. तिथेच घुटमळली आणि परत येऊन भावजयीच्या कानाशी वाकली.

"वहिनी, ती दुर्बिणीची तपासणी... फार दुखते का गं?"

"का हो, वन्सं?"

"मला गेल्या वर्षीच बोलावलं होतं त्यासाठी. मी गेलेच नाही."

सासूबाईंनी मान वर केली नाही. फक्त जरा बाजूला सरकल्या आणि लेकीला बसायला जागा करून दिली.