तुकडी पास झालीच पाहिजे

निवृत्त सैनिकांच्या दवाखान्यात मी नर्स आहे. आजार व्हायच्या आधीच तो कसा टाळायचा, हे शिकवायचं काम माझ्याकडे आलंय. म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. बंदुकीच्या गोळ्यांना न घाबरलेले हे गडी, मीठ कमी करा म्हटलं की मात्र अंगावर काटा आल्यासारखं करतात.

दर बुधवारी सातजण पहिल्या रांगेत ताठ बसतात. मी रक्तदाबावर बोलते, ते माना डोलावतात, आणि बाहेर पडले की कोपऱ्यावरच्या तळणाच्या गाडीवर तुटून पडतात. त्यांचे पुढारी कॅप्टन. शेजारी तोफवाले, ज्यांना माझं सोयीपुरतंच ऐकू येतं. आणि टोकाला काठीकाका. नुसती हाडं आणि कातडी. गोड खात नाहीत, पीत नाहीत, अंथरुणाला खिळलेल्या बायकोचं सगळं एकट्याने करतात. त्यांचं उदाहरण मी बाकीच्यांना उठता-बसता द्यायचे.

वार्षिक तपासणी जाहीर केली आणि वर दम दिला, की निकाल तुमच्या बायकांसमोर वाचून दाखवीन. तेव्हा सहा चेहरे खर्रकन उतरले. यांच्या लेखी तपासणी म्हणजे अख्खी तुकडी पास व्हायला हवी, एकट्या-दुकट्याचं कौतुक नाही.

त्या सकाळी सगळे बुटांना पॉलिश करून वेळेआधी हजर. लघवीच्या नमुन्याच्या बाटल्या घेऊन एकदमच स्वच्छतागृहात शिरले आणि लगेच बाहेर. एरवी या वयात एकेकाला आत युग लागतं. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली.

दुपारी लॅबवाल्या बाई हसतच आल्या. "सिस्टर, या सगळ्यांत मिळून एकच मूत्रपिंड आहे का हो? निकाल अगदी सारखे."

मीही हसले. मग कागद वाचला आणि हसू मावळलं. लघवीतून प्रथिनं जात होती. कुणाचं तरी मूत्रपिंड गुपचूप बिघडायला लागलं होतं. आत्ता पकडलं तर सावरता येणार होतं, पण पकडायचं कुणाला?

सातही जणांना खोलीत उभं केलं.

"तुमची लबाडी कळलीय," मी म्हटलं. "शिक्षा करायची नाहीये. पण ज्याची लघवी बाटल्याबाटल्यांत वाटलीत, त्याचं मूत्रपिंड बिघडतंय. आजच औषध सुरू करायला हवं. ज्याची असेल त्याने एक पाऊल पुढे यावं."

कॅप्टन खाकरले. आणि सहाजण एकदम पुढे आले. बूट एका ठोक्यात वाजले. जोडीदाराला पाठीशी घालायचं, ही यांची हाडीमांसी खिळलेली सवय.

मागे एकटे काठीकाका उरले.

ते भिंतीला टेकले होते. पुढे यायचं त्यांना सुचलंच नव्हतं. कॅप्टननी वळून पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. "अरे, तू सगळ्यांत ठणठणीत म्हणून तर तुझी घेतली."

"मला काही झालं तर तिला कुशीवर कोण वळवणार?" काठीकाका पुटपुटले.

मला रडू येतं तेव्हा मी रागावते. तशीच रागावले. "काही होऊ नये म्हणूनच मी दर बुधवारी घसा फोडते. लबाडी झाली नसती तरी तुमची बाटली सापडलीच असती, आणि वेळेत सापडलीय. औषध आजपासून. तुम्ही इथे याल तेव्हा या सहांपैकी एकजण काकूंपाशी बसेल."

"पहिली पाळी माझी," तोफवाले म्हणाले. काठीकाकांचं एवढं हळू बोललेलं त्यांना पहिल्यांदाच ऐकू आलं होतं.

"आणि तुम्ही सहाजण," मी म्हटलं, "नव्या बाटल्या घ्या."

"सिस्टर, आता एवढं झाल्यावर..." कॅप्टन चाचरले.

काठीकाकांनी डोळे पुसले, टाचा जुळवल्या आणि स्वच्छतागृहाच्या दाराशी जाऊन उभे राहिले.

"एकेकाने आत," ते म्हणाले. "दार उघडं ठेवून."